चेहऱ्यावरील केस : दोष कीं लक्षण?

२०२४ सालच्या एप्रिल महिन्यांत उत्तर हिंदुस्थानांतील एका राज्याच्या शालान्त परीक्षेचा निकाल लागला. पहिल्या आलेल्या मुलीचें छायाचित्र वृत्तपत्रांतून व मोबाइलच्या पडद्यांवरून देशभर गेलें. तिनें मिळविलेल्या गुणांकडे पाहण्याऐवजीं असंख्य लोकांची दृष्टि तिच्या ओठावरील केसांवर खिळली, आणि त्यावर जी टिंगल झाली ती वाचतांना, छत्तीस वर्षें मुलांना शिकविण्यांत घालविलेल्या माझ्यासारख्या माणसाला मान खालीं घालावी लागली. पुढें तिच्या बाजूनेंही पुष्कळांनीं लिहिलें. परंतु निंदा करणारे काय किंवा सांत्वन करणारे काय, हे केस मुळांत येतात कशानें, हा साधा प्रश्न फारच थोड्यांनीं विचारला.

हा विषय आपल्या घरांतून कुजबुजत बोलला जातो. गुडघेदुखी, रक्तदाब, मधुमेह यांची चर्चा पंक्तीला बसल्या बसल्या होते. पण घरांतील एखाद्या मुलीच्या हनुवटीवर राठ केस येऊं लागले तर ती गोष्ट आई आणि काकू यांच्यांतच राहते, वडिलांच्या कानीं जात नाहीं, आणि डॉक्टरांपर्यंत तर वर्षानुवर्षें पोंचत नाहीं. मसुरीच्या डाळीचें पीठ, हळद, साय यांचीं उटणीं सुरू होतात. मुलगी स्नेहसंमेलनांत भाग घेण्याचें टाळते, वर्गांत उभें राहून कविता म्हणावयाची वेळ आली कीं रुमाल तोंडाशीं धरते. अशा मुली मीं पाहिल्या आहेत. मी डॉक्टर नव्हे, वैद्यही नव्हे. परंतु जाणत्या डॉक्टरांशीं बोलून आणि वाचून जें समजलें, तें कुटुंबांतील वडीलधाऱ्या मंडळींपुढें ठेवावें असें वाटल्यावरून हा लेख लिहीत आहें.

आपल्या जुन्या ग्रंथांना हा विषय अपरिचित नव्हता. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायांत विवाहास वर्ज्य अशा कन्यांची जी यादी आहे, तींत जिच्या अंगावर मुळींच लोम नाहींत ती आणि जिच्या अंगावर फार आहेत ती, या दोघींचाही समावेश केलेला आढळतो. सामुद्रिकाच्या ग्रंथांतून पोटऱ्यांवरील केसांना अशुभ लक्षण मानलें आहे. या समजुतींचा पगडा, ज्यांनीं ते ग्रंथ उघडूनही पाहिले नाहींत, त्यांच्याच मनावर अधिक असतो, असा माझा अनुभव आहे. चरकसंहितेची गोष्ट निराळी. तिच्या सूत्रस्थानांतील एकविसाव्या अध्यायांत शरीराच्या दृष्टीनें निंदित असे आठ प्रकार सांगितले आहेत: अतिदीर्घ, अतिह्रस्व, अतिलोमा, अलोमा, अतिकृष्ण, अतिगौर, अतिस्थूल आणि अतिकृश. यांतील शेवटच्या दोहोंचाच पुढें विस्तारानें विचार होतो. अतिलोमाचा उल्लेख होऊन राहून जातो. आधुनिक शास्त्रानें शोधलेलें सगळें आमच्या पूर्वजांना ठाऊकच होतें असें म्हणण्याची एक खोड आपल्यांत आहे, तिला मी थारा देत नाहीं. तथापि अतिलोमा आणि अतिस्थूल हीं दोन नांवें तेथें एकाच यादींत, शरीराच्या अवस्था म्हणून आलीं आहेत, शुभाशुभाचें लक्षण म्हणून नव्हेत, एवढें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

तळहात, तळपाय, ओठ असे कांहीं भाग सोडले तर मनुष्याच्या सर्व त्वचेवर केसांचीं मुळें असतात. हीं मुळें जन्मापूर्वींच तयार होतात, आणि स्त्री व पुरुष यांच्यांत त्यांच्या संख्येचा फारसा भेद नसतो. भेद असतो तो केसाच्या जातींत. स्त्रीच्या गालावर, हनुवटीवर, छातीवर जी मऊ, आंखूड, जवळजवळ रंगहीन लव असते, तिच्याच जागीं पुरुषाला राठ व काळा केस येतो. लवेचें राठ केसांत रूपांतर करण्याचें काम अँड्रोजन नांवाचीं संप्रेरकें करतात. यांना आपण पुरुषसंप्रेरकें म्हणतों खरे, पण तीं प्रत्येक स्त्रीच्या शरीरांतही असतात. बीजकोश आणि मूत्रपिंडावरील अधिवृक्क ग्रंथि या दोन्ही ठिकाणीं तीं निर्माण होतात, आणि निरोगी स्त्रीला त्यांची गरजही असते. त्यांचें प्रमाण वाढलें, किंवा प्रमाण ठीक असूनही केसांचीं मुळें त्यांना अधिक संवेदनशील असलीं, तर लव राठ होते. दोन बहिणी एकाच घरांत, एकाच अन्नावर वाढूनही एकीला केस येतात व दुसरीला येत नाहींत, याचें कारण पुष्कळदां या संवेदनशीलतेंत असतें. पंजाब, इराण, तुर्कस्तान किंवा भूमध्य समुद्राच्या कांठचे लोक यांच्यांत केसाळपणा स्वभावतःच अधिक; चिनी व जपानी स्त्रियांत तो कमी. तेव्हां सगळ्या जगाला एक माप लावतां येत नाहीं.

तरी माप हवेंच. १९६१ सालीं लंडनमध्यें फेरिमन व गॅलवे या दोघांनीं शरीराच्या निरनिराळ्या भागांवरील केसांना ० पासून ४ पर्यंत गुण देण्याची एक पद्धति बसविली. हल्लीं त्यांपैकीं नऊ भाग धरतात: वरचा ओठ, हनुवटी, छाती, पोटाचा वरचा व खालचा भाग, दंड, मांड्या, पाठीचा वरचा व खालचा भाग. एकूण गुण ३६. साधारणतः ८ किंवा त्याहून अधिक झाले तर केसांची वाढ प्रमाणाबाहेर आहे असें समजतात. मास्तराला गुणांची ही पद्धति आवडली तर नवल नाहीं. पण येथें अधिक गुण मिळविणारीचें अभिनंदन करावयाचें नसतें, एवढाच काय तो फरक. या यादींत हाताच्या मनगटाकडचा भाग व पायांच्या पोटऱ्या नाहींत, हें मुद्दाम पाहावें. तेथील लव ही वंशपरंपरेची बाब होय, आणि तिच्यावरून मुलीला घाबरवून सोडण्याचें कारण नाहीं. उलट हनुवटी, छाती, पोटाची मध्यरेषा येथें राठ केस येऊं लागले तर तिकडे दुर्लक्ष करूं नये.

मूल होण्याच्या वयांतील स्त्रियांपैकीं शेंकडा ५ ते १० जणींना हा त्रास असतो. त्यांच्यांतील बहुसंख्य स्त्रियांमध्यें मूळ कारण एकच सांपडतें. त्याला पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम म्हणतात, आणि घरोघरीं तें ‘पीसीओडी’ या आंखूड नांवानें माहीत झालें आहे. १९३५ सालीं शिकागो येथील स्टाइन व लेव्हेंथल या दोन डॉक्टरांनीं सात स्त्रियांचीं उदाहरणें देऊन याचें वर्णन प्रसिद्ध केलें. मासिक पाळी अनियमित, केस अधिक, मूल होण्यांत अडचण आणि बीजकोशांत अनेक बारीक पोकळ्या, असा तो प्रकार होता. या पोकळ्या म्हणजे गांठी नव्हेत. पूर्ण न वाढतां मध्येंच थांबलेलीं बीजपुटकें तीं. ‘पोटांत गांठी आहेत’ असें ऐकून ज्या आया रात्र रात्र जागतात, त्यांनीं हें लक्षांत घ्यावें. आणि कुमारवयांत अशीं पुटकें निरोगी मुलींच्याही बीजकोशांत पुष्कळ दिसतात. म्हणून त्या वयांत केवळ सोनोग्राफीवरून हें निदान करूं नये, असें आतां आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनीं ठरविलें आहे. पाळी आणि केस यांची हकीकत तेथें अधिक महत्त्वाची.

या विकाराचा दुसरा धागा इन्शुलिनशीं जोडलेला आहे. अन्नांतील साखर पेशींत पोंचविणारें हें संप्रेरक कांहीं जणींच्या शरीरावर पुरेसा परिणाम करीत नाहीं. मग शरीर तें अधिकाधिक निर्माण करतें. वाढलेलें इन्शुलिन बीजकोशाला अँड्रोजन अधिक बनवावयास लावतें, आणि रक्तांतील अँड्रोजनाला बांधून ठेवणारें जें प्रथिन यकृत तयार करतें, तें कमी करतें. म्हणजे दुहेरी नुकसान. फ्रान्समधील आशार आणि तिएर यांनीं १९२१ सालींच दाढी व मधुमेह एकत्र आलेल्या स्त्रियांचें वर्णन केलें होतें. त्या संबंधाची उकल मात्र १९८० नंतर होत गेली. या वाढलेल्या इन्शुलिनची एक खूण डोळ्यांना दिसते. मानेच्या मागें, काखेंत त्वचा काळसर, जाड व मखमलीसारखी होते. आपल्याकडे आया तिला मळ समजतात आणि दिवाळीच्या अभ्यंगस्नानाला मान लाल होईपर्यंत घांसतात. तो मळ नाहीं. घांसून तो जात नाहीं, उलट त्वचा अधिकच जाड होते. ज्या मुलीच्या मानेवर अशी काळिमा, हनुवटीवर केस आणि पाळी दोन दोन, तीन तीन महिन्यांनीं, तिच्या रक्तांतील साखर तपासून घेणें हें तिच्या रूपापेक्षां शतपट महत्त्वाचें आहे. शिवाय पाळी महिनोन्महिने न येणें ही ‘कटकट गेली’ म्हणून समाधान मानण्याची गोष्ट नव्हे. गर्भाशयाचें आंतील अस्तर त्यामुळें सांचत जाऊन पुढें कर्करोगाचा धोका वाढतो.

दुसरीं कारणें थोडक्यांत सांगतों. कांहीं मुलींची पाळी अगदी नियमित असते, रक्त तपासलें तर सर्व ठीक असतें, तरी केस असतात. तेथें मुळांची संवेदनशीलता हेंच कारण, आणि भीतीचें कांहीं नाहीं. कांहींच्या अधिवृक्क ग्रंथींत जन्मतः एका एन्झाइमची उणीव असते व ती तारुण्यांत प्रकट होते. पाळीच्या आरंभींच्या दिवसांत सकाळीं लवकर रक्त घेऊन ती ओळखतां येते. कांहीं औषधांनींही केस वाढतात: डॅनॅझोल, व्हॅल्प्रोएट, व्यायामशाळांतून चोरून मिळणारीं शक्तिवर्धक स्टेरॉइडें. फेफऱ्यावरील फेनिटॉइन किंवा डोक्याचे केस उगवावे म्हणून लावावयाचें मिनॉक्सिडिल यांनीं सर्वांगावर लव वाढते. आणि एक कारण तर आपण पैसे देऊन घरांत आणतों. गोरेपणासाठीं म्हणून औषधाच्या दुकानांतून घेतलेल्या पुष्कळ मलमांत जोरकस स्टेरॉइड असतें. तें महिनोन्महिने चेहऱ्यास चोळल्यानें त्वचा पातळ होते, लाल होते आणि तिच्यावर केस उगवतात. २०१८ सालीं सरकारनें अशीं अनेक मलमें डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकूं नयेत असें ठरविलें. मावशीनें दिलेली, शेजारणीला लागू पडलेली अशी कोणतीही नळी मुलीच्या तोंडास लावण्यापूर्वीं तिच्यावरील बारीक अक्षरें चष्मा लावून वाचावीं.

आतां जें सांगतों तें मात्र कोणीही विसरूं नये. वर्षानुवर्षें सावकाश वाढलेले केस बहुधा निरुपद्रवी असतात. पण चार-सहा महिन्यांतच भराभर केस आले, आवाज घोगरा झाला, कपाळाच्या कोपऱ्यांवर टक्कल पडूं लागलें, स्नायू पुरुषासारखे भरूं लागले, तर बीजकोशांत अथवा अधिवृक्क ग्रंथींत अर्बुद असण्याचा संभव असतो. हें क्वचित् होतें. परंतु तेथें मुहूर्त पाहत बसूं नये, त्याच आठवड्यांत डॉक्टर गांठावा. चेहरा वाटोळा सुजल्यासारखा, पोटावर जांभळे पट्टे, रक्तदाब वाढलेला, असें असेल तरीही तसेंच.

दाखवावें कोणाला? स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा अंतःस्रावी ग्रंथींचा तज्ज्ञ यांच्याकडे प्रथम जावें, त्वचारोगतज्ज्ञाकडे त्यानंतर अथवा बरोबरीनें. जातांना एका कागदावर तीन गोष्टी लिहून न्याव्या: केस केव्हांपासून व किती वेगानें वाढले, गेल्या वर्षभरांतील पाळीच्या तारखा, घेत असलेलीं सर्व औषधें व मलमें, आयुर्वेदिक धरून. घरांत आईला, आत्याला, आजीला असे केस वा मधुमेह असेल तर तेंही सांगावें. एवढ्या माहितीनें निम्मी तपासणी होऊन जाते.

उपचारांविषयीं लोकांची निराशा होते ती घाईमुळें. केसाचें आयुष्य महिन्यांचें असतें. औषध आज सुरू केलें तरी जो केस मुळांतून राठ होऊन चुकला आहे, तो आपली फेरी पुरी करतोच. म्हणून निदान सहा महिने झाल्याखेरीज औषधाचा गुण आला कीं नाहीं हें ठरवितां येत नाहीं. तिसऱ्या महिन्यांत डॉक्टर बदलणारीं घरें मीं पाहिलीं आहेत. तीं दर तिसऱ्या महिन्याला पुन्हां आरंभापासून सुरुवात करतात.

वजन अधिक असेल तर तें कमी करावें. मूळ वजनाच्या शेंकडा ५ ते १० इतकें उतरलें तरी पाळी सुधारते व साखरेचा धोका कमी होतो. केसांवर मात्र याचा परिणाम बेताचाच. तेव्हां सडपातळ मुलीला उपास करावयास लावणें हा शुद्ध मूर्खपणा होय. मेटफॉर्मिन इन्शुलिनच्या दोषावर उपयोगी, केसांवर विशेष नव्हे. केसांवर पहिलें औषध म्हणून डॉक्टर जें देतात, तेथें आपल्या घरांतून गहजब होतो. कारण तें औषध म्हणजे संततिप्रतिबंधक गोळी. ‘लग्न न झालेल्या मुलीला ही गोळी कशाला?’ असें म्हणून आजी उठून जाते, वडील चिठ्ठी घडी करून खिशांत ठेवतात, आणि प्रकरण तेथेंच संपतें. या गोळींतील संप्रेरकें बीजकोशाची अँड्रोजन-निर्मिति कमी करतात व रक्तांतील त्या बांधून ठेवणाऱ्या प्रथिनाचें प्रमाण वाढवितात. पाळीही नियमित होते. येथें ती केसांचें व पाळीचें औषध म्हणून दिलेली असते, आणि मुलीच्या चारित्र्याशीं तिचा यत्किंचितही संबंध नाहीं. ती घेतल्यानें पुढें मूल होत नाहीं हाही खोटा समज; गोळी थांबविली कीं तिचा परिणाम थांबतो. मात्र रक्ताच्या गुठळ्यांचा इतिहास, वाढलेला रक्तदाब, डोळ्यांपुढें प्रकाशाच्या रेषा येऊन उठणारी अर्धशिशी, यांपैकीं कांहीं असल्यास तें डॉक्टरांना आधींच सांगितलें पाहिजे, म्हणजे ते दुसरा मार्ग शोधतील.

सहा महिन्यांत गुण पुरेसा न आल्यास स्पायरोनोलॅक्टोनसारखीं अँड्रोजनाला अडविणारीं औषधें जोडतात. हें औषध मूळचें लघवी साफ करणारें व रक्तदाबावरचें. पोटांत पुत्रगर्भ असल्यास त्याच्या वाढीवर याचा अनिष्ट परिणाम होऊं शकतो, म्हणून तें घेत असतां गर्भ राहणार नाहीं अशी खबरदारी अवश्य घ्यावी लागते. लग्न ठरलें असेल तर डॉक्टरांना तेंही कळवावें.

औषधानें नवे केस थांबतात, आलेले काढावेच लागतात, आणि त्यांत कमीपणा कसला? वस्तऱ्यानें केस काढले तर दाट होतात हा समज सार्वत्रिक आहे. अमेरिकेंतील शरीररचनाशास्त्रज्ञ मिल्ड्रेड ट्रॉटर यांनीं १९२८ सालींच काढलेल्या केसांची मोजमापें घेऊन तो खोटा ठरविला. कापलेल्या केसाचें टोंक बोथट असतें म्हणून तो हातास राठ लागतो, इतकेंच. दोरा फिरवून काढण्यास हरकत नाहीं, परंतु पुनः पुन्हां ओढल्यानें कित्येकींच्या त्वचेवर काळे डाग व पुटकुळ्या येतात. आपल्या गव्हाळ, सांवळ्या वर्णावर हे डाग लवकर उठतात. विजेच्या सुईनें एकेक मूळ जाळण्याची रीत १८७५ पासूनची आहे. सेंट लुइस येथील चार्ल्स मिशेल या नेत्रवैद्यानें डोळ्यांत वळणाऱ्या पापण्यांच्या केसांसाठीं ती प्रथम योजिली. ती सावकाश व कंटाळवाणी खरी, पण पांढऱ्या केसांवरही चालते. लेसर केसांतील काळ्या रंगावर काम करतो. म्हणून सांवळ्या त्वचेसाठीं लांब लहरीचा, एनडी-याग जातीचा लेसर अधिक सुरक्षित. चार-सहा आठवड्यांच्या अंतरानें सहा-आठ वेळां जावें लागतें, आधीं कित्येक आठवडे दोरा किंवा मेण लावतां येत नाहीं, आणि केस कमी होतात, कायमचे नाहींसे होत नाहींत. संप्रेरकांचा दोष तसाच राहूं दिला तर पैसे वायां जातात. क्वचित् शेजारच्या जागेंत केस वाढलेलेही आढळतात. पार्लरमध्यें पुरी रक्कम आगाऊ भरण्यापूर्वीं यंत्र कोणत्या जातीचें आहे व तें चालविणार कोण, हें विचारावें.

‘कायमचे केस जातील’ अशी जाहिरात दिसली कीं मला १९३० च्या सुमाराची अमेरिका आठवते. तेथें कोरेम्लू नांवाचें एक मलम केस काढण्यासाठीं विकलें जात असे. त्यांत थॅलियम हें उंदीर मारण्याच्या कामीं येणारें विष होतें. केस जात, पण हातापायांची शक्तीही जाई, डोळे जात. १९३२ सालीं त्या कंपनीचें दिवाळें निघालें. त्याच काळांत क्ष-किरणांनीं चेहऱ्यावरील केस काढणारीं दुकानें गांवोगांव निघालीं होतीं. तेथें गेलेल्या स्त्रियांपैकीं कित्येकींना पुढें वर्षांनीं त्वचेचे कर्करोग झाले. त्या बायका अडाणी नव्हत्या. लपवून करावयाच्या गोष्टीला सल्ला विचारतां येत नाहीं, म्हणून त्या फसल्या.

विवाहाचा प्रश्न निघतोच, म्हणून एवढें लिहितों. मुलीला पाहावयास मंडळी येणार त्याच्या आदल्या दिवशीं घाईघाईनें चेहरा सोलून काढण्यापेक्षां वर्षभर आधीं उपचार सुरू करावे. पीसीओडी असलेल्या बहुतेक स्त्रियांना मुलें होतात, कांहींना औषधाच्या मदतीनें होतात. तेव्हां ‘हिला मूल होणार नाहीं’ असें तिच्यादेखत उसासे टाकून बोलूं नये. वरपक्षाला सांगावें कीं नाहीं, हें त्या मुलीच्या मताप्रमाणें ठरवावें. माझें मत विचाराल तर सांगावें. आणि सुनेच्या हनुवटीवरील केस प्रथम सासूच्याच लक्षांत येणार असतील, तर तिला डॉक्टरांकडे घेऊन जाण्याचा मानही सासूनेंच घ्यावा; जावांपुढें त्याची चर्चा करूं नये.

राहिल्या घरांतील वडील स्त्रिया. रजोनिवृत्तीनंतर स्त्रीसंप्रेरकें घटतात, अँड्रोजन त्या मानानें हळू उतरतें, आणि हनुवटीवर दोन-चार जाड केस येतात. तें वयाचेंच देणें आहे. एकाएकीं पुष्कळ आले तर मात्र साठीसत्तरीलाही तपासून घ्यावें, ‘आतां काय करायचें आहे’ म्हणून टाळूं नये. दोन-चारच असतील तर नातीनें दुपारच्या उजेडांत आजीला खिडकीशीं बसवून ते चिमट्यानें काढून द्यावे. आजीला स्वतःला दिसत नाहींत, आणि ती सांगणारही नाहीं.